पाऊस लागला की टाकीवरचं पेअरिंग सुटतं, आणि परत होतच नाही

लक्षण असं. ईएसपी32-सी3 चिपवर बनवलेलं छोटं स्मार्ट होम डिव्हाइस घरात टेबलावर पहिल्याच फटक्यात पेअर होतं. तेच नेऊन पाण्याच्या टाकीवर, म्हणजे त्याच्या जागेवर बसवलं की फोन 'डिव्हाइस सापडलं' म्हणतो, गोल फिरत राहतो आणि शेवटी 'कनेक्ट होऊ शकलं नाही' म्हणून हात वर करतो. घरी आणा, परत होतं. मग कसंबसं जागेवर पेअर झालं तर आठ-दहा दिवस गुणी मुलासारखं चालतं. तेवढ्यात पावसाची झड लागते, लाईट जाते, आणि ते सगळं विसरून बसतं.

या दुखण्यावर मी दोन पावसाळे घालवले. रूटर बदलला, कोड दहादा टाकला, अँटेना वाकवून बघितली. शेवटी निघालं ते असं: दोष एक नव्हता, दोन होते. एक पेअरिंग तोडत होता आणि दुसरा ते परत जुळू देत नव्हता. दोन्ही एकाच दिवशी येत असल्यामुळे मी त्यांना एकच समजून औषध देत होतो. तुमच्याकडेही 'सुटणं' आणि 'न जुळणं' आधी वेगळं करा, मग पुढचं वाचा.

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला मामांचं घर आहे. कौलारू, चिऱ्याच्या जाड भिंतींचं. मागच्या अंगाला उंचावर पाण्याची टाकी. मामींची तक्रार अशी की टाकी भरली हे अंगणात पाणी आल्यावरच कळतं. म्हणून मी टाकीत फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारा) सोडला, त्याला सी3 चं मॉड्यूल जोडलं आणि मॅटरच्या (वेगवेगळ्या कंपन्यांची स्मार्ट डिव्हाइसं एकत्र चालावीत म्हणून ठरवलेल्या मानकाच्या) पद्धतीने 'कॉन्टॅक्ट सेन्सर' म्हणून मामांच्या फोनात आणलं. टाकीपर्यंत वायर ओढायची नव्हती, म्हणून 18650 हा रिचार्ज होणारा लिथियम सेल, टीपी4056 चार्जर आणि वहीएवढं 6 व्होल्टचं सोलर पॅनल. सगळं झिरो पीसीबीवर सोल्डर करून प्लॅस्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये.

जाणकार म्हणतील, वाय-फायवरचं मॅटर बॅटरीवर चालवणं हा आतबट्ट्याचा व्यवहार. मान्य. ईएसपी32-एच2 सारखी थ्रेडवाली (थ्रेड म्हणजे वाय-फायऐवजीचं, कमी वीज खाणारं नेटवर्क) चिप घेतली असती तर वीज कितीतरी कमी लागली असती. पण मग घरात ते नेटवर्क घरच्या वाय-फायशी जोडणारा थ्रेड बॉर्डर रूटर लागतो, आणि मामांकडे मुळात एकच रूटर आहे, तोही टीव्हीच्या मागे, कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेला.

जूनमध्ये फोन आला. "परत गेलंय बघ तुझं ते मशीन. पाऊस लागला की जातंय." मामांचं मत असं की पावसात वाय-फाय भिजतं. मी हसलो होतो. शेवटी हात पावसाचाच निघाला, फक्त मामा म्हणत होते त्या वाटेने नाही.

आधी कुठे मरतंय ते बघा

मॅटरचं पेअरिंग म्हणजे एक उडी नाही, चार पायऱ्या आहेत. बोर्ड चालू झाला की ब्लूटूथवर हाक मारत बसतो. फोन क्यूआर कोड किंवा 11 आकडी कोड वापरून त्याच्याशी ब्लूटूथवरच ओळख पटवून घेतो. मग फोन त्याला घरच्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड सांगतो, आणि बोर्ड वाय-फायवर चढतो. शेवटी फोन त्याला घरच्या नेटवर्कवर नव्याने शोधतो आणि काम पक्कं होतं. ठरलेल्या वेळात हे पुरं झालं नाही, किंवा मध्येच बोर्ड रीस्टार्ट झाला, तर बोर्ड सगळं पुसून पहिल्या पायरीवर येतो. अर्धवट पेअर झालेलं डिव्हाइस घरात राहू नये म्हणून तसं मुद्दाम केलेलं आहे. पण त्यामुळे कुठल्याही पायरीवर मेलं तरी फोनवर वाक्य तेच दिसतं. म्हणून फोनकडे बघून निदान करू नका.

पहिल्या दोन पायऱ्या ब्लूटूथच्या, कमी खाणाऱ्या. तिसरी वाय-फायची, खादाड. माझं प्रत्येक वेळी तिसरीवर मरत होतं. हे कळायला मला इतका वेळ का लागला, ते सांगण्यासारखं आहे.

कोणीही हेच करेल: लॅपटॉप घेऊन टाकीपाशी जायचं, यूएसबी लावायची, सीरियल मॉनिटर (बोर्डाचे संदेश दाखवणारी खिडकी) 115200 च्या वेगावर उघडायचा आणि लॉग, म्हणजे बोर्ड काय करतोय त्याची नोंद, वाचायचा. मीही तेच केलं. बेळगावहून बस पकडून गेलो, शिडीवर चढलो, छत्री मानेत धरून यूएसबी जोडली, आणि ते पहिल्या झटक्यात पेअर झालं. मामा खालून, "झालं की!" मी यूएसबी काढली, बॉक्स बंद केला, जेवून परत आलो. तिसऱ्या दिवशी फोन.

मोजायला गेलं की दोष पळतो, कारण यूएसबी नुसता लॉग आणत नाही, 5 व्होल्टही आणते. रोग्याला सलाईन लावून तपासायचं आणि म्हणायचं, बरा आहे की! एकदा हे डोक्यात शिरलं की वाट दिसते. लॉग बघायचा असेल तर यूएसबी-टीटीएल अडॅप्टर घ्या, 3.3 व्होल्टच्या पातळीवर ठेवा, आणि दोनच तारा जोडा: ग्राउंड, आणि बोर्डाच्या जीपीआयओ21 (बोलण्याच्या पायापासून) अडॅप्टरच्या आरएक्सला (ऐकण्याच्या पायाला). व्हीसीसीची, म्हणजे वीज देणारी, तार अजिबात जोडू नका. मग बॅटरीवरच्या बोर्डाचं खरं बोलणं ऐकू येतं.

मला मात्र दर वेळी शिडीवर चढायचं नव्हतं. म्हणून केलेली युक्ती आता मी प्रत्येक बोर्डात घालतो. चिप दर वेळी चालू होताना आपण का चालू झालो हे लक्षात ठेवते, आणि 'ईएसपी रीसेट रीझन' या फंक्शनने तो आकडा मिळतो. कोडच्या सुरुवातीला तो वाचायचा आणि तितक्या वेळा एलईडी लुकलुकवायचा. 1 म्हणजे साधी वीज आली. 4 म्हणजे कोड कोसळला. 8 म्हणजे गाढ झोपेतून उठला. 9 म्हणजे ब्राऊनआऊट, व्होल्टेज इतकं पडलं की चिपने स्वतःच मान टाकली.

मग मामींना फोनवर सांगितलं, पेअरिंग सुरू करा आणि कुकरच्या शिट्ट्या मोजता तसा तो लाल दिवा मोजा. मामींनी मोजलं. "नऊ." थोड्या वेळाने, "परत नऊ." आणि मग, "हे काय नऊच्या पुढं जात नाही की रे."

व्होल्टेज फारच खोल पडलं तर चिपला ब्राऊनआऊट नोंदवायलाही उसंत मिळत नाही आणि 9 ऐवजी 1 दिसतो. तेव्हा पेअर करताना कोणी वीज न काढता परत परत 1 येत असेल तर तोही 9 च समजा.

मल्टिमीटर इथे दगा देतो. मी शिडीवरच मोजलं होतं, मीटर 3.2 च्या आसपास दाखवत होता. घसरण होते ती क्षणभर, रेडिओ बोलतो तेवढीच. मीटर सरासरी दाखवतो. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे म्हणून कोणी मलप्रभेत डोहापाशी उतरत नाही.

व्होल्टचा हिशेब

सी3 ला चालायला किमान 3.0 व्होल्ट लागतात. वाय-फायवर पूर्ण ताकदीने पाठवताना तिची भूक क्षणभर 335 मिलीअँपिअरपर्यंत जाते, म्हणून बनवणारे 500 मिलीअँपिअर देऊ शकेल असा पुरवठा ठेवा म्हणतात. आता माझ्या बॉक्समध्ये काय होतं? एएमएस1117-3.3. तीन पायांचा, रुंद पाठीचा, प्रत्येक दुकानात मिळणारा रेग्युलेटर, म्हणजे आत येणारं व्होल्टेज 3.3 वर बांधून ठेवणारा भाग. त्याला 3.3 बाहेर काढायला आत साधारण 1.1 व्होल्ट जास्तीचे लागतात. यूएसबीचे 5 व्होल्ट मिळाले तर हे सहज जमतं. सेल पूर्ण भरलेला असताना 4.2 असतो, त्यातून 1.1 गेले, उरले 3.1. काठावर पास. सेल 3.7 वर आला की 2.6. नापास.

आता पावसाचा हात कुठे ते दिसेल. कडक ऊन असलं की पॅनल सेल भरून ठेवतं आणि बोर्ड काठावर तगतो. खानापूरकडे झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. सेल 3.7 च्या खाली सरकतो. पेअर झालेला बोर्ड अधूनमधून रीस्टार्ट होत का होईना, चालत राहतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण पेअरिंगच्या वेळी त्याला वाय-फाय शोधायचं, पासवर्डची देवाणघेवाण करायची, पत्ता घ्यायचा, सर्टिफिकेटं घ्यायची, असं सगळं सलग आणि एका वेळेच्या आत करायचं असतं. मध्ये एकदा जरी मान टाकली तरी पहिलीपासून सुरुवात. मी टेबलावर आणून यूएसबी लावायचो, पेअर करायचो, त्यातच सेलही भरायचा, आणि मी छाती पुढे काढून परत द्यायचो.

गंमत म्हणजे मला हा रेग्युलेटर नको होता. बेळगावात गणपत गल्लीकडच्या एका दुकानात मी एमई6211 हा दुसरा रेग्युलेटर मागितला होता. दुकानदाराने 1117 पुढे केला. मी म्हणालो, हा वेगळा आहे. तो म्हणाला, "एल्ला ओंदे री." सगळे एकच. दोन्हींवर 3.3 लिहिलेलं असतं, त्यामुळे मीही मान डोलावली. चूक त्याची नाही, डेटाशीट माझ्या खिशात होती.

एमई6211 शे-तीनशे मिलीव्होल्टमध्ये भागवतो आणि 500 मिलीअँपिअर देतो, त्यामुळे सेल 3.5 वर आला तरी बोर्ड उभा राहतो. शिवाय 1117 स्वतः रिकामा बसूनही सुमारे 5 मिलीअँपिअर पितो. म्हणजे दिवसाला 120 मिलीअँपिअर-तास नुसते रेग्युलेटरच्या पोटात. तुम्ही चिपला 5 मायक्रोअँपिअरच्या गाढ झोपेत घालण्यासाठी रात्री जागता आणि तिच्या शेजारी हा हजारपट पीत बसलेला असतो. एचटी7333 ही लोक सुचवतात. तो पितो फारच थोडं, पण देतो जास्तीत जास्त 250, म्हणून वाय-फायसाठी मी घेत नाही.

दुसरा एक रस्ता आहे: रेग्युलेटरच नको. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल 3.2 व्होल्टचा असतो, पूर्ण भरला तरी 3.6, आणि सी3 ला 3.6 पर्यंत चालतं. तो थेट जोडता येतो. पण त्याला टीपी4056 लावू नका, तो 4.2 पर्यंत चढवतो. या सेलचा चार्जर वेगळा येतो.

रेग्युलेटर बदलायच्या आधी मी सगळ्यांसारखा कपॅसिटर लावून बघितला होता. 3.3 आणि ग्राउंडमध्ये मॉड्यूलच्या अगदी पायाशी 470 मायक्रोफॅरड, सोबत 0.1 चा सिरॅमिक. त्याने फरक पडला, कधी पेअर होऊ लागलं, कधी नाही. कपॅसिटर क्षणाचा खड्डा भरतो. मुळातच पाणी कमी असेल तर तो काय करणार? तरी तो काढू नका, चांगल्या रेग्युलेटरबरोबर तो हवाच. आणि सेल होल्डरपासूनच्या त्या केसासारख्या बारीक जंपर वायरी काढून टाका. तारा आणि स्प्रिंग मिळून 1 ओहमचा अडथळा झाला तरी 335 मिलीअँपिअरला एक तृतीयांश व्होल्ट वाटेतच जातो.

हत्यारं हातात नसतील तर एक झटपट परीक्षा आहे. कोडमध्ये वाय-फायची पाठवण्याची ताकद 8.5 डीबीएमवर (डीबीएम हे रेडिओच्या ताकदीचं माप) उतरवा आणि परत पेअर करून बघा. ताकद कमी करून पेअर होऊ लागलं तर दोष अंतराचा नाही, एक तर पुरवठ्याचा आहे किंवा त्या स्वस्त बोर्डाच्या अँटेनाचा. अंतर खरंच जास्त असेल तर कमी ताकदीने आणखी बिघडेल.

अंतराबद्दल आणखी एकच. मामांच्या चिऱ्याच्या भिंतींवर मी उगाच आळ घेतला होता, टाकीपाशी सिग्नल उणे 71 डीबीएम होता (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला), एवढ्यात भागतं. पण बॉक्स टाकीच्या मागे ठेवलात आणि रूटर पुढे असेल, तर टाकी भरली की मध्ये पाण्याची भिंत उभी राहते, आणि 2.4 गिगाहर्ट्झला पाणी चिऱ्यापेक्षा वाईट. रिकामी टाकी असताना चालतं आणि भरली की तुटतं, असं असेल तर बॉक्स रूटरच्या अंगाला फिरवा. टाकी भरल्याचं सांगणारं यंत्र नेमकं टाकी भरल्यावर मुकं होतं, असं झालेलं मी पाहिलंय.

मग मुळात सुटतं कशाने

इथवर झाला तो 'परत न जुळण्याचा' दोष. पण पेअर झालेलं सुटतं का? व्होल्टेज पडल्याने बोर्ड रीस्टार्ट होतो, विसरत नाही. पेअरिंगची माहिती फ्लॅशमध्ये, एनव्हीएस नावाच्या कप्प्यात असते आणि वीज गेली तरी राहते. विसरायला कोणीतरी सांगावं लागतं.

ते सांगणारा मीच होतो. माझ्या कोडमध्ये मोठ्या हुशारीने लिहिलं होतं: पाच वेळा प्रयत्न करून वाय-फाय मिळालं नाही तर जुनं पेअरिंग पुसा आणि नव्याने पेअरिंगला उभे राहा. हेतू असा की मामांनी रूटर बदलला तर मला जायला लागू नये.

आता पावसाळ्यातली संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. लाईट जाते. रूटर बंद. टाकीवरचा बोर्ड बॅटरीवर, तो जागाच. त्याला वाय-फाय दिसत नाही. एक, दोन, तीन, चार, पाच. पुसलं. अर्ध्या तासाने लाईट येते, रूटर उठतो, पण बोर्ड आता कोणाचाच राहिलेला नसतो. आणि सेल उतरलेला, म्हणून परत पेअरही होत नाही. दोन्ही दोष एकाच संध्याकाळी.

विजेवर चालणाऱ्या बोर्डाचंही हेच होतं, फक्त उलट्या क्रमाने. लाईट आली की बोर्ड दोन-तीन सेकंदांत तयार, फायबरचा बॉक्स आणि रूटर उठायला दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात बोर्डाने हार मानलेली असते. 'वायफाय मॅनेजर' ही लायब्ररी वापरणाऱ्यांना हे नक्की भेटलं असेल: नेटवर्क मिळालं नाही की ती स्वतःचं सेटिंगचं पान उघडून बसते, आणि तिला वेळेची मर्यादा घातली नसेल तर बसूनच राहते. मर्यादा घाला, 180 सेकंद पुरेत, मग रीस्टार्ट. तिथे पासवर्ड पुसलेला नसतो, दिसायला मात्र डिव्हाइस 'सुटल्या'सारखं दिसतं.

माझ्या कोडमधून पुसण्याची ओळ मी काढून टाकली. आता वाय-फाय नसेल तर बोर्ड 10 सेकंदांनी, मग 30, मग मिनिटाने, मग पाच-पाच मिनिटांनी बघत राहतो. कायम. पुसणं फक्त माणसाच्या हाताने, बटण पाच सेकंद दाबून. आणि ते बटणही बॉक्सच्या आत ठेवा, लांब तारेवर बाहेर नको. चिपचा आतला पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पाय 3.3 कडे ओढून धरणारा रेझिस्टर) साधारण 45 किलोओहमचा, दुबळा. बटणाच्या पायात ओल शिरली की तिला ते दाबल्यासारखं वाटतं, आणि पाच सेकंद ओल काय, पाच तास राहते. बाहेरून 4.7 किलोओहमचा पुल-अप लावलात की ही भानगड मिटते.

बल्बचं दुखणं वेगळं

शेजारीपाजारी, वडगावपासून निपाणीपर्यंत कुठेही, मला सगळ्यात जास्त विचारतात ते स्मार्ट बल्बबद्दल. वादळ आलं की दुसऱ्या दिवशी बल्ब नुसता लुकलुकत बसतो, ॲपमध्ये ऑफलाइन.

यात बिघाड काहीच नाही. बल्बला बटण नसतं, म्हणून पुष्कळ बल्बांत पेअरिंगची खूण अशी ठेवलेली असते की स्विच भराभर तीन वेळा, काहींत पाच वेळा, चालू-बंद करा. आता आपल्याकडे वाऱ्यात तारा एकमेकींना लागल्या की लाईट काय करते? जाते, येते, जाते, येते, जाते, आणि मग कायमची जाते. बल्बला वाटतं, मालकाने खूण केली. मालक बिचारा मेणबत्ती शोधत असतो.

टास्मोटा (स्मार्ट डिव्हाइसवर कंपनीच्या कोडऐवजी टाकता येणारा मोफत कोड) टाकलेल्या स्विचमध्ये हीच सोय सात वेळांची आहे. दहा सेकंदांच्या आतल्या अंतराने सहा वेळा वीज गेली-आली आणि सातव्यांदा टिकली की ते सगळी सेटिंग पुसतं. आडगावी, जिथे तारा झाडांतून जातात, तिथे एका वादळात सात होतात. कन्सोलमध्ये 'सेटऑप्शन65 1' लिहून ही सोय बंद करा. नंतर कधी पासवर्ड विसरलात तर मात्र ते उघडून तारा जोडूनच ताळ्यावर आणावं लागेल, एवढं लक्षात ठेवा. तयार बल्बांत ही खूण बंद करण्याची सोय एखाद्याच ॲपमध्ये असते. नसेल तर बल्ब इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. रूटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, अर्धी दुखणी त्यानेच जातात.

भिंतीतला असा कुठलाही स्विच उघडण्याआधी मेन स्विच पाडा, भिंतीवरचा नुसता स्विच नव्हे. जुन्या घरांत स्विच फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेला मी डोळ्यांनी पाहिलाय. खात्री नसेल तर वायरमनला हाक मारा.

उरलेली किरकोळ कारणं

एलईडी 9 दाखवत नसेल, म्हणजे वीज ठीक आहे, तरी पेअर होत नसेल, तर लॉगमध्ये वाय-फाय तुटण्याचा आकडा बघा. 201 म्हणजे त्या नावाचं नेटवर्कच दिसलं नाही. सी3 ला फक्त 2.4 गिगाहर्ट्झ दिसतं, तेव्हा रूटरवर ते बंद तर नाही ना बघा, चॅनल 12-13 वर असेल तर 1, 6 किंवा 11 वर आणा. 15 किंवा 202 म्हणजे बहुतेक पासवर्ड चुकला, किंवा रूटर फक्त डब्ल्यूपीए3 वर (वाय-फायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर) आहे. जुन्या कोडला ते झेपत नाही, डब्ल्यूपीए2 वर ठेवा. पासवर्डच्या शेवटी नकळत पडलेली एक स्पेस माझी एक दुपार खाऊन गेली आहे.

वाय-फायचं नाव देवनागरीत किंवा कन्नडमध्ये ठेवण्याची हौस असेल तर जपून. नावाला 32 बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचा प्रत्येक अक्षरघटक, काना-मात्रा-हलन्तासकट, 3 बाइट घेतो. 'गणपती बाप्पा' एवढं नावसुद्धा 34 होतं. बसत नाही.

वाय-फायवर चढलं, पण फोनला शेवटच्या पायरीवर सापडत नाही? मग रूटरमध्ये गेस्ट नेटवर्क किंवा 'एपी आयसोलेशन' चालू आहे का बघा, ते डिव्हाइसना एकमेकांशी बोलू देत नाही. आणि मॅटरला घरातल्या घरात आयपीव्ही6 लागतंच. कोणीतरी 'नेट फास्ट होतं' म्हणून बंद केलेलं असतं. फोनवरचा व्हीपीएन बंद, लोकेशन चालू. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर लोकेशन बंद असलं की ब्लूटूथचा शोध रिकामा येतो.

एकसारखे दोन बोर्ड बनवले असतील तर आणखी एक फसगत. उदाहरणाच्या कोडमध्ये पासकोड 20202021 आणि ओळखीचा आकडा 3840 तसाच ठेवलेला असतो, त्यामुळे दोन्ही बोर्डांचा पेअरिंग कोड एकच, 34970112332. दोन्ही एकदम चालू केले तर फोन हाताला लागेल त्याला धरतो. तुम्ही टाकीवरचा जोडताय असं समजता आणि जुळतो कपाटातला. एकावेळी एकच चालू ठेवा, नाहीतर आकडे बदला. आणि गूगल होममध्ये घरी बनवलेलं डिव्हाइस आणायचं असेल तर त्यांच्या डेव्हलपर कन्सोलवर त्या चाचणी व्हेंडर आयडीचा (बनवणाऱ्याच्या ओळख क्रमांकाचा) प्रोजेक्ट आधी करावा लागतो, नाहीतर ते प्रमाणित नाही म्हणून नाकारलं जातं. तिथे बोर्डाला दोष देऊ नका.

शेवटची गोष्ट, कारण मीच तिथे अडकलो होतो. नवा कोड टाकला म्हणजे जुनं पेअरिंग गेलं असं नाही. कोड एका कप्प्यात, पेअरिंग दुसऱ्या. सगळं कोरं करायचं असेल तर अर्डुइनोच्या टूल्स मेनूमध्ये 'स्केच टाकण्याआधी पूर्ण फ्लॅश पुसा' हा पर्याय चालू करून एकदा अपलोड करा आणि लगेच परत बंद करा, नाहीतर पुढच्या प्रत्येक अपलोडला पेअरिंग जाईल आणि तुम्ही नव्या दोषाच्या मागे लागाल. सोबत फोनमधूनही जुनं डिव्हाइस काढा. बोर्ड चालू झाल्यावर पेअरिंगची खिडकी सहसा 15 मिनिटंच उघडी असते, तेव्हा पुसून ठेवलं आणि चहाला गेलात तर आल्यावर एकदा वीज काढून परत द्या.

मामांच्या टाकीवर आता एमई6211 आहे, 470 चा कपॅसिटर आहे, जाड तारा आहेत, आणि पुसण्याची ओळ नाही. एलईडी मात्र मी काढला नाही. यंदा ऑगस्टमध्ये सेल बदलायला मामांनी बॉक्स उघडला तेव्हा मामींचा फोन आला. "लुकलुकलं परत." माझ्या पोटात गोळा. किती वेळा? "एकच."